शाळांचा गोतावळा

चंदन नदीच्या काठी वसलेले रामपायली हे गाव मध्यप्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात मोडते. राममंदिरासाठी त्याची पंचक्रोशीत ख्याती आहे. या शतकभरापूर्वीच्या गावात १९०८ च्या सुमारास आबाजी हेडगेवार नावाचे गृहस्थ राहत होते आणि त्यांचा नागपूरचा पुतण्या सुट्टीत त्यांच्याकडे येत असे. केशव हे त्याचे नाव. पुढे डॉक्टर हेडगेवार म्हणून तो प्रसिद्धीस आला. परंतु त्याचे पुढील चरित्र आणि राजकारण हा येथील विषय नव्हे. येथे प्रयोजन आहे ते त्याच्या विद्यार्थिदशेतील शाळांचे. कारण त्या काळी एकेकट्या शाळेच्या नशिबी काय येत असे, हे त्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून जितके कळते, तितके शिक्षणखात्याच्या अहवालांवरूनही कळत नाही.

नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासनीस आले असता मुलांनी 'वंदे मातरम्'चा घोष केला आणि त्यापायी केशवला शाळा सोडावी लागली. मग तो यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेला. लोकवर्गणीवर आणि दोनचार ध्येयवेड्या शिक्षकांच्या त्यागावर चाललेली ती शाळा सरकारी दडपणापुढे टिकली नाही. तिचे दार मिटल्यावर मुलगा पुण्याला गेला. अखेर बंगालमध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेची परीक्षा देऊन त्याने आपले शालेय शिक्षण पुरे केले. ज्या शाळेत तो शिकला ती उरली नव्हती; पण तिला कलकत्त्याच्या एका परिषदेशी नाते जोडता आले होते, म्हणून तिच्या विद्यार्थ्याच्या हाती निदान प्रमाणपत्र तरी पडले.

हीच गत दुसऱ्या एका नामांकित शाळेची झाली. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली काढलेले समर्थ विद्यालय तळेगावला नावारूपास येत होते. बौद्धिक शिक्षणाला हस्तव्यवसायाची जोड द्यावी, मुलांना मातृभाषेतून शिकवावे, अशी त्याची धाटणी होती. 'विश्ववृत्त' मासिकातील एका लेखावरून विजापूरकरांना कारावास घडला आणि १९१० साली सरकारने विद्यालयच बंद पाडले. या शाळांत उणीव ना निष्ठेची होती, ना विद्वत्तेची. उणीव होती ती पाठीशी उभे राहणाऱ्या दुसऱ्या शाळांची. एक दार मिटले की शिक्षक, ग्रंथ, वर्गणीदार आणि मुले यांची पांगापांग होई आणि चार वर्षांत जमवून आणलेली शिकविण्याची रीत वाऱ्यावर जाई.

मग ज्या शाळा टिकल्या आणि ज्यांनी आपला दर्जा वाढवीत नेला, त्या कशाच्या बळावर? याचा मागोवा घेताना १८८० सालच्या पुण्यात जावे लागते.

त्या वर्षी १ जानेवारीला विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. वामन शिवराम आपटे लवकरच त्यांना येऊन मिळाले आणि पुढल्या वर्षी गोपाळ गणेश आगरकरही आले. हे तरुण सरकारी नोकरीत शिरते तर मानाच्या जागा त्यांची वाट पाहत होत्या. त्यांनी त्यांकडे पाठ फिरविली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे आणि तिचा गौरवही पुष्कळ झाला आहे. तिच्यापुढची गोष्ट तितकी परिचित नाही. शाळा उघडून दोन-सव्वादोन वर्षे होतात न होतात, तोच १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. संस्थापकांपैकी एक मृत, दोन तुरुंगात, अशी अवस्था कोणत्याही नवख्या शाळेला पुरी पडली असती. न्यू इंग्लिश स्कूल मात्र चालू राहिले. आपट्यांसारखा कडक शिस्तीचा अधीक्षक मागे होता आणि शाळा कोणा एकट्याची नाही, ही जाणीव तिच्या शिक्षकांत पहिल्यापासून होती.

याच १८८२ साली हंटर कमिशन भारतातील शिक्षणाची पाहणी करीत होते. खुद्द हंटरसाहेबांनी न्यू इंग्लिश स्कूलची मुक्तकंठाने स्तुती केली. आपट्यांनी कमिशनपुढे साक्ष दिली. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते म्हणून आज ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या साक्षीत बोलत होता तो कोशकार नव्हता, शाळामास्तर होता. एका शाळेच्या यशावर समाधान मानून बसण्याची त्यांची तयारी नव्हती. देशी लोकांच्या व्यवस्थेखाली चालणाऱ्या खाजगी शाळांचे जाळे देशभर पसरावे, हा आपला हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. शाळांच्या जाळ्याची ही कल्पना त्या वेळी तरी स्वप्नवतच होती. अवघी एक शाळा, तीही भाड्याच्या वाड्यात, आणि बोलणे मात्र देशभराचे!

त्याच कमिशनपुढे, त्याच वर्षी आणि त्याच पुण्यातून आणखी एका गृहस्थांनी निवेदन दिले. ते म्हणजे जोतीराव फुले. त्यांचा रोख वेगळा होता. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने. परंतु तिच्यातून जे शिक्षण उभे राहते त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी परखडपणे मांडले. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पोटापुरता पगार मिळावा आणि शक्यतो ते शेतकरी वर्गातून आलेले, प्रसंगी नांगराची मूठ धरण्यास न लाजणारे असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. आपट्यांच्या साक्षीत शाळांचे जाळे होते, पण खेड्यातील कुणब्याचा मुलगा दूर होता. फुल्यांच्या निवेदनात तो मुलगा केंद्रस्थानी होता, पण त्याच्यासाठी शाळांचे जाळे विणणारे हात अजून दिसत नव्हते. ही दोन टोके एकमेकांस मिळावयास पुढे सदतीस वर्षे लागली.

दरम्यान पुण्यातील मंडळींनी एक मोलाचा शोध लावला होता. त्याला शोध म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु इमारत, निधी किंवा देणगीदार यांपेक्षाही शाळांना एकत्र बांधणारे दुसरे काही असते, हे त्यांना उमगले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढील २ जानेवारीला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या सोसायटीचा कणा म्हणजे तिचे आजीव सभासद. वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची, पगार सर्वांना सारखा आणि बेताचा, कारभारही त्यांनीच पाहावयाचा, असा हा करार होता. पुढे हा पगार दरमहा ७५ रुपयांवर स्थिर झाला. मालक कोणी नाही आणि नोकरही कोणी नाही. जो वर्गावर शिकवितो तोच सभेत बसून संस्थेचे धोरण ठरवितो.

याचा शिक्षणाच्या दर्जावर काय परिणाम झाला? पहिला असा की, शाळा व कॉलेज यांच्यातील भिंत पातळ झाली. फर्ग्युसनमध्ये शिकविणाऱ्या विद्वानाला शाळेची चिंता वाहणे कमीपणाचे वाटेना. गोपाळ कृष्ण गोखले न्यू इंग्लिश स्कुलात शिकवीत असता त्यांनी रचलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे कितीतरी शाळांतून चालू झाले. दुसरा परिणाम असा की, एक माणूस गेला तरी जागा रिकामी पडेना. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिल्यावर गणित शिकविण्यासाठी १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले. आपटे १८९२ साली वारले, आगरकर प्राचार्य झाले. आगरकर १८९५ साली वारले, तरी कॉलेज थांबले नाही. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ साली परत आले, ते त्याच तुटपुंज्या वेतनावर प्राचार्यपदी बसण्यासाठी. जगातील कोणत्याही विद्यापीठाने त्या गणितज्ञाला याच्या कितीतरी पट वेतन आनंदाने दिले असते.

परंतु हा करार सुखाने नांदला, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, संसार वाढल्यावर पगार वाढावा की नाही, सार्वजनिक कामासाठी शाळेचा वेळ किती द्यावा, या प्रश्नांवरून आजीव सभासदांत वर्षानुवर्षे खटके उडाले. टिळकांचा आग्रह असा की, जेझुइट धर्मगुरूंसारखे सर्वस्व संस्थेला वाहिले पाहिजे. खाजगी मिळकतीला तेथे थारा नको. इतरांना हा नियम संसारी माणसाला न झेपणारा वाटे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, हे अखेरचे निमित्त झाले. टिळकांचे प्रदीर्घ राजीनामापत्र आजही वाचावे. त्यात रागही आहे आणि रडवेलेपणही आहे. ज्या संस्थेवर त्यांनी उमेदीची अकरा वर्षे उधळली, तिच्यातून बाहेर पडताना त्या मानी पुरुषाला काय वाटले असेल, हे ओळीओळीतून जाणवते. या भांडणात बरोबर कोण होते, याचा निवाडा अद्यापि लागलेला नाही आणि तो लागण्याची आवश्यकताही नाही. टिळकांनी सांगितलेल्या नियमाने संस्था अधिक तेजस्वी झाली असती, हे खरे; ती चालविण्यास माणसे उरली असती की नाही, याची मात्र शंका वाटते.

सोसायटीचा विस्तारही पुढे झाला. १८९९ साली पुण्यात नवीन मराठी शाळा आणि सातारला न्यू इंग्लिश स्कूल, १९१९ साली सांगलीला विलिंग्डन कॉलेज. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला आणि कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्ममठ, त्या दोहोंतही आजीव सेवेच्या याच व्रताची छाया दिसते. तथापि हे सारे शहरांत, इंग्रजी शिक्षणाच्या क्षेत्रात आणि मुख्यतः ज्यांच्या घरी आधीच पाटी-पुस्तक होते त्यांच्यासाठी घडले. फुल्यांच्या निवेदनातील मुलगा अजून गुरांमागेच होता.

सातारला न्यू इंग्लिश स्कूल निघाले, त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी कोल्हापुरात आणखी एका विद्यार्थ्याला घरघर लागली होती. राजाराम हायस्कुलात शिकणारा, जैन बोर्डिंगमध्ये राहणारा हा तरुण अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला आणि परतल्यावर विटाळ गेला म्हणून स्नान करण्यास त्याने साफ नकार दिला. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्याचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. नंतर त्याने किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकले. हा तरुण म्हणजे भाऊराव पाटील. नांगर विकता विकता त्यांनी जो महाराष्ट्र पाहिला, तो पुण्याच्या विद्वानांनी पुस्तकांतून पाहिलेल्या महाराष्ट्राहून निराळा होता. कोणत्या गावी शाळा आहे आणि कोठे नाही, कोठला मास्तर मुलांना शिकवितो आणि कोठला मारून पळवून लावतो, हे त्यांना पायी फिरून ठाऊक झाले होते.

कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ साली संस्थेचे ठाणे सातारला आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. एकाच पंगतीत महार, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सारी मुले जेवीत, हे त्या काळी नुसते पाहावयासही लोक येत. पदरी पैसा नव्हता. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे सोने गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते बहुधा एका वाक्यात. खरे तर पहिली अनेक वर्षे संस्थेचा जमाखर्च त्यांच्या पेटीतून चालला होता.

भाऊरावांनी आधी वसतिगृह काढले आणि मग शाळा, या क्रमाला महत्त्व आहे. परंतु याहून महत्त्वाचे पाऊल त्यांनी १९३५ साली टाकले. त्या वर्षी सातारला रौप्यमहोत्सवी ग्रामीण अध्यापन विद्यालय निघाले. खेड्यातील मुलगा शिकवून तयार करावयाचा, त्यालाच शिक्षक म्हणून घडवावयाचा आणि पुन्हा खेड्यातील शाळेवर धाडावयाचा, असे हे चक्र होते. १९३८ च्या सुमारास डोंगराळ, आडवळणी गावांतून संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या. त्यांची संख्या वाढत वाढत ५७८ पर्यंत गेली. अशा शाळेत बहुधा एकच शिक्षक आणि देवळाची ओसरी हीच इमारत असे. यवतमाळच्या शाळेपेक्षाही ती शाळा दुबळी होती. परंतु तिचा शिक्षक एकटा नव्हता. त्याची निवड, तयारी, नेमणूक आणि तपासणी यांमागे एक संस्था होती. तो आजारी पडला तर दुसरा येई. तो चुकार निघाला तर त्याची बदली होई. नांगराची मूठ धरणारा मास्तर फुल्यांनी १८८२ साली मागितला होता. तो या शाळांवर प्रत्यक्ष दिसू लागला.

पुढे १९४० साली सातारला महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 'कमवा आणि शिका' या रीतीने मुले शेतात व बांधकामावर राबत आणि आपले शिक्षण आपणच पेलीत. पुण्याच्या सोसायटीप्रमाणे येथेही आजीव सेवकांची परंपरा उभी राहिली. फरक इतकाच की, या सेवकांपैकी पुष्कळजण त्याच संस्थेच्या वसतिगृहात भाकरी खाऊन वाढलेले होते.

संस्थेची खरी कसोटी १९४८ साली लागली. गांधीवधानंतरच्या प्रक्षुब्ध दिवसांत भाऊरावांनी सरकारवर जी टीका केली, ती मुंबईच्या खेर मंत्रिमंडळास रुचली नाही आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. चाळीस वर्षांपूर्वी परकीय सरकारच्या दडपणाखाली यवतमाळ आणि तळेगाव येथील शाळा बंद पडल्या होत्या; आता स्वकीय सरकारने हात आखडता घेतला होता. शेकडो शिक्षकांच्या चुली त्या अनुदानावर पेटत होत्या. तरी शाळा मिटल्या नाहीत. गावागावांनी वर्गण्या केल्या, धान्य दिले, आणि एका गावची निकड दुसऱ्या गावच्या ऐपतीने भागविली गेली. गंमत अशी की, ज्यांच्याविषयी सरकारच्या मनात किंतु होता त्या भाऊरावांनी गांधीजींचे स्मारक म्हणून १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प याच सुमारास सोडला होता. अखेर गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला संस्थेचे कॉलेज निघाले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या त्या सत्पुरुषाचे नाव एका कॉलेजवर झळकावे, यात भाऊरावांची कृतज्ञता तर होतीच, पण थोडा मिस्किलपणाही असावा. ९ मे १९५९ रोजी भाऊराव वारले, तेव्हा संस्थेच्या शंभरावर माध्यमिक शाळा व तीन महाविद्यालये होती.

अशा संस्थांचे दोषही लपविण्याजोगे नाहीत. मध्यवर्ती कचेरी जसजशी मोठी होते, तसतसा दूरच्या शाळेचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचेनासा होतो. शिक्षणाच्या सोयीसाठी योजलेली बदली ही पुढे शिक्षकाला वठणीवर आणण्याची काठीही होऊ शकते. आणि आजीव सेवकांची पिढी सरली की कारभार शिकविणाऱ्यांच्या हातून निवडून येणाऱ्यांच्या हाती जाण्याचा धोका असतोच. महाराष्ट्रातील कित्येक शिक्षणसंस्थांनी हा अनुभव घेतला आहे.

रामपायलीच्या बाजूला ही लाट उशिरा आली. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, ती १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत. नागपूर, भंडारा, बालाघाट हे जिल्हे त्या वेळी एकाच मध्यप्रांतात होते; किंबहुना १८६७ साली बालाघाट जिल्हा बनविताना भंडाऱ्याचाही काही मुलूख त्यात घातलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला आणि वैनगंगेच्या एकाच खोऱ्यातून राज्याची सीमा गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, रामपायलीहून फार दूर नसलेल्या गोंदियाला मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातील गावांना तिच्या शाळा मिळाल्या. सीमेच्या अलीकडे रामपायलीच्या घराघरांतून मराठी बोलणे चालू राहिले. तेथील मुलांच्या उत्तरपत्रिका मात्र भोपाळच्या मंडळाकडे जाऊ लागल्या.